हौशी रेडिओ केंद्राचे दूरनियंत्रण व स्वयंचलन

परवानाधारक हौशी रेडिओचालकाने आपले प्रेषण-ग्रहण केंद्र, त्या जागी स्वतः उपस्थित न राहता, अन्य ठिकाणाहून चालविणे याला दूरनियंत्रण म्हणतात. केंद्रातील काही क्रिया चालकाच्या आज्ञेची वाट न पाहता पूर्वनिश्चित नियमांनुसार आपोआप घडवून आणणे म्हणजे स्वयंचलन होय. व्यवहारात या दोन गोष्टी बहुधा एकत्र आढळत असल्या, तरी त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. दूरनियंत्रणात निर्णय माणसाचाच असतो, फक्त त्याचा हात लांब झालेला असतो; स्वयंचलनात निर्णयाचा काही भाग यंत्राकडे सोपविलेला असतो.

गरज : हौशी रेडिओ लघुतरंगांवर अत्यंत क्षीण संकेत ग्रहण करतो. हौशी परिभाषेत ‘नऊ’ या प्रमाणाचा सबळ समजला जाणारा लघुतरंग संकेत ग्राहीच्या प्रवेशाग्राशी अवघा ५० मायक्रोव्होल्ट असतो व त्याखालील प्रत्येक एकक सहा डेसिबेलचे मानतात. दाट वस्तीत विजेचे दिवे, भारण उपकरणे, संगणकांचे वीजपुरवठे इत्यादींमुळे निर्माण होणारा विद्युत् गोंगाट या क्षीण संकेतांना झाकून टाकतो. शिवाय सदनिकांच्या गच्चीवर आकाशक अर्थात अँटेना उभारण्यास जागा व संमती मिळणे कठीण असते. गोंगाट चार एककांनी कमी झाला, तर त्याची शक्ती सु. २५० पटींनी घटते. म्हणून नोकरीनिमित्त मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत राहणाऱ्या आणि गावी घर व मोकळी जागा असणाऱ्या चालकाला गावाकडील केंद्र दुरून चालविणे सोयीचे ठरते.

जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूर हे अशा गावाचे उदाहरण म्हणून घेता येईल. तापीच्या खोऱ्यात, दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग असलेल्या या गावापासून पुणे सरळ रेषेत सु. ३१० किमी. आहे. हौशी रेडिओच्या जागतिक जाळीपद्धतीत पहूरचा चौकोन ‘एमएल ७०’, तर पुण्याचा ‘एमके ६८’ असा येतो. एवढ्या अंतरावर दिवसा ७ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या तरंगांनी सरळ संपर्कही साधता येतो. त्यासाठी लागणारा अर्धतरंगी आकाशक सु. २० मी. लांबीच्या तारेचा असून तो घराच्या धाब्यावर सहा ते दहा मी. उंचीवर ताणला तरी पुरतो. [⟶ आयनांबर, रेडिओ तरंग].

इतिहास : रेडिओ तरंगांनी दुरून यंत्र चालविण्याचे प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे एका छोट्या नौकेच्या साहाय्याने करून दाखविले. हौशी क्षेत्रात दूरनियंत्रणाची सर्वांत कठोर कसोटी कृत्रिम उपग्रहांत लागली, कारण तेथे दुरुस्तीसाठी कोणीही जाऊ शकत नाही. १२ डिसेंबर १९६१ रोजी अवकाशात गेलेला ऑस्कर-१ हा पहिला हौशी उपग्रह मॉर्स संकेतांत एकच लघुशब्द पाठवीत असे व त्या शब्दाच्या गतीवरून उपग्रहाचे अंतर्गत तापमान कळत असे. हे स्वयंचलित दूरमापन होते. पण त्याला आज्ञा देण्याची सोय नव्हती. मेलबर्न विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला व २३ जानेवारी १९७० रोजी सोडलेला ऑस्कर-५ हा जमिनीवरून आज्ञा स्वीकारणारा पहिला हौशी उपग्रह ठरला. त्याचा एक प्रेषक दुरून चालू-बंद करता येत असे.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी सोडलेला हॅमसॅट हा भारताचा पहिला हौशी रेडिओ उपग्रह २०१४ पर्यंत कार्यरत होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला सु. एक किग्रॅ. वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी कक्षेत गेला. मोठ्या प्रमाणावरील दूरनियंत्रणाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक होय. ते हौशी केंद्र नव्हे, परंतु सु. २५ किमी. परिसरात विखुरलेले, प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे त्याचे ३० आकाशक प्रकाशतंतूंच्या दुव्यांद्वारे मध्यवर्ती कक्षातून वळविले जातात. घरगुती केंद्राची समस्या जातीने तीच आहे, प्रमाण मात्र लहान आहे.

रचना : दूरनियंत्रित केंद्राचे तीन भाग पडतात : चालक बसतो ते नियंत्रणस्थान, प्रत्यक्ष केंद्र आणि या दोहोंना जोडणारा दुवा. केंद्रात प्रेषक-ग्राही संच, वीजपुरवठा, आकाशक व ते निवडणारे बदलयंत्र, आकाशकजुळणी साधन आणि यांवर देखरेख करणारा लहान संगणक असतो. २०१२ नंतर हाताच्या तळव्यावर मावणारे, एका पट्टिकेवरील स्वस्त संगणक उपलब्ध झाल्याने हे काम सामान्य चालकाच्या आवाक्यात आले. दुवा म्हणून पूर्वी दूरध्वनी तार किंवा उच्च कंप्रतेचा रेडिओ वापरीत. आता बहुधा आंतरजाल वापरतात.

आधुनिक संचांना संगणकाशी जोडण्यासाठी क्रमिक जोडणी असते. तीतून अक्षरांचे छोटे आज्ञासमूह पाठविले जातात. काही उत्पादकांच्या पद्धतीत दोन अक्षरांपुढे हर्ट्‌झमधील अकरा अंक लिहिले की संच त्या कंप्रतेवर जातो. काहींच्या पद्धतीत एकाच तारेवर अनेक उपकरणे जोडून प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. निरनिराळ्या संचांच्या या भाषांचे एका समान भाषेत रूपांतर करणारी ‘हॅमलिब’ ही मुक्त आज्ञावली सर्वत्र वापरली जाते. ज्या साधनांना अशी जोडणी नसते (पंखा, आकाशकाचे बदलयंत्र, मुख्य वीजपुरवठा), ती रिलेच्या साहाय्याने चालू-बंद करतात.

ध्वनिवहन व विलंब : हौशी रेडिओवरील संभाषणाला सु. तीन किलोहर्ट्‌झपर्यंतचा ध्वनिपट्टा पुरतो. दूरध्वनीच्या जुन्या अंकीय पद्धतीप्रमाणे दर सेकंदाला ८,००० नमुने प्रत्येकी आठ अंशांनी दर्शविल्यास सेकंदाला ६४,००० अंशांचा प्रवाह लागतो. संक्षेपणाच्या नव्या पद्धतींनी तो याच्या एक-तृतीयांशाहून कमी होतो. यामुळे साधारण भ्रमणध्वनी जोडणीही पुरेशी ठरते. खरी अडचण विलंबाची आहे. पहूर ते पुणे हे अंतर प्रकाश सु. एक मिलिसेकंदात ओलांडतो. परंतु ध्वनीचे तुकडे पाडणे, ते साठविणे व पुन्हा जुळविणे यांत कित्येक पट अधिक काळ जातो. हा विलंब स्थिर असेल, तर आळीपाळीने होणाऱ्या संभाषणात तो सहन होतो. विलंब सतत बदलता असेल, तर मॉर्स प्रेषण मात्र बिघडते. मिनिटाला २० शब्दांच्या गतीने एक बिंदू ६० मिलिसेकंदांचा असतो. विलंबात तेवढाच चढउतार झाल्यास बिंदू रेषेसारखा होतो किंवा नाहीसा होतो. म्हणून चालकाची कळ दाबण्याची क्रिया तशीच न पाठविता, मजकूर अगर कालनोंदीसह संकेत केंद्राकडे पाठवितात आणि मॉर्स तेथेच नव्याने घडवितात.

आकाशकाचे नियंत्रण : दिशिक आकाशक विद्युत् चलित्राने फिरवितात व त्याची दिशा चलित्राला जोडलेल्या चल रोधकावरील व्होल्टतेवरून ओळखतात. खानदेशातून यूरोप वायव्येस, तर जपान ईशान्येस येते. संपर्काचे स्थान दिल्यावर संगणक दिशा काढून आकाशक वळवू शकतो. आकाशक व संच यांची जुळणी ‘स्थायी तरंग गुणोत्तरा’वरून समजते. हे गुणोत्तर तीन झाले की प्रेषित शक्तीचा एक-चतुर्थांश भाग परत येतो. केंद्रापाशी बसलेल्या चालकाला तुटलेली तार डोळ्यांनी दिसते. दूरच्या चालकाला हा आकडाच दृष्टीचे काम देतो. म्हणून ठराविक मर्यादेपलीकडे गुणोत्तर गेल्यास प्रेषण आपोआप थांबविण्याची व्यवस्था आवश्यक ठरते.

वीजपुरवठा : शंभर वॉटचा संच १३.८ व्होल्ट दाबावर प्रेषण करताना वीस अँपिअरहून अधिक, तर ग्रहणात एक ते दोन अँपिअर प्रवाह घेतो. १०० अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-अम्ल घटमालेची निम्मी क्षमताच वापरावयाची असे धरले, तर दीड अँपिअर ग्रहणप्रवाहावर ती सु. ३३ तास टिकते. वीज खंडित होणाऱ्या भागात असा संचय व त्याला सौर पट्टिकांची जोड उपयुक्त असते. मात्र तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की अशा घटमालेचे आयुष्य साधारणतः निम्मे होते. खानदेशाच्या चाळीस अंशांवरील उन्हाळ्यात ती पत्र्याखाली ठेवणे म्हणूनच अयोग्य होय.

सुरक्षा : दूरनियंत्रित केंद्रातील सर्वांत गंभीर दोष म्हणजे दुवा तुटल्यावरही प्रेषक चालू राहणे. त्याने इतरांचे संदेशवहन अडते व संच जळण्याचाही धोका असतो. आंतरराष्ट्रीय रेडिओ विनियमांनी हौशी उपग्रहांबाबत असे बंधन घातले आहे, की अपायकारक व्यत्यय तत्काळ थांबविता येईल एवढी आज्ञाकेंद्रे उड्डाणापूर्वीच उभारलेली असली पाहिजेत. जमिनीवरील केंद्रालाही हेच तत्त्व लागू करणे इष्ट आहे. त्यासाठी तीन स्वतंत्र उपाय योजतात : (१) सलग प्रेषणाला काही मिनिटांची मर्यादा घालणारा कालमापक, (२) नियंत्रणस्थानाकडून ठराविक अवधीने येणारा ‘जिवंत’ असल्याचा संकेत थांबताच प्रेषण बंद करणारी यंत्रणा, आणि (३) संगणकच अडकून पडल्यास वेगळ्या मार्गाने, उदा., भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशाने, संचाची वीज तोडणारा रिले. हा रिले वीज नसताना उघडा राहणारा असावा, म्हणजे बिघाडात केंद्र आपोआप बंद अवस्थेत जाते.

विजेच्या कडकडाटापासूनचे संरक्षण रिलेने पुरेसे होत नाही. मॉन्सूनपूर्व वादळांच्या काळात आकाशकाची वाहिनी संचापासून प्रत्यक्ष वेगळी करून भूसंपर्कित करावी लागते. त्यामुळे घरातील कोणा व्यक्तीला हे काम शिकविलेले असणे, हा केंद्राचाच एक भाग समजला पाहिजे. आंतरजालावरून संच उघडा ठेवल्यास अनोळखी माणूसही प्रेषण करू शकतो. म्हणून कूटबद्ध खाजगी जाळ्यातूनच प्रवेश द्यावा. कूटबद्धता नियंत्रणाच्या दुव्यापुरतीच असते. परदेशी केंद्रांशी होणाऱ्या हौशी संदेशवहनाचा अर्थ लपविणे आंतरराष्ट्रीय विनियमांना मान्य नाही.

स्वयंचलन व त्याच्या मर्यादा : तापमान, घटमालेची व्होल्टता, वाऱ्याचा वेग इ. राशी मोजून त्यांनुसार कृती करणे हे स्वयंचलनाचे निर्विवाद क्षेत्र होय. यासाठी वापरली जाणारी ‘एमक्यूटीटी’ ही संदेशपद्धती १९९९ मध्ये तेलवाहक नळांवर देखरेख करण्यासाठी निर्माण झाली. तीत प्रत्येक संवेदक आपले मापन एका मध्यस्थाकडे प्रसिद्ध करतो व ज्याला गरज असेल ते उपकरण ते घेते. १९९३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळविणारे जोझेफ टेलर यांनी २००८ मध्ये प्रचारात आणलेल्या ‘डब्ल्यूएसपीआर’ पद्धतीत केंद्र सु. दोन मिनिटांचा अत्यंत अरुंद पट्ट्यातील संकेत आपोआप पाठविते व जगभरातील केंद्रे तो नोंदवितात. त्यावरून आयनांबराची तासातासाची स्थिती कळते. याउलट, माणूस हजर नसताना यंत्रांनीच परस्परांशी संपर्क जुळवून ते चालकाच्या नावे जमा करणे अनेक हौशी चालकांना मान्य नाही, कारण संपर्क हा दोन व्यक्तींमधील असतो, ही या छंदाची मूळ कल्पना आहे.

कायदा : भारतात हौशी केंद्रांचे परवाने केंद्र शासनाचा दूरसंचार विभाग देतो. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी परीक्षा, किमान बारा वर्षे वय, परवान्याच्या श्रेणी आणि व्यापारी संदेशांवरील बंदी या बाबी ठरवून दिल्या. २०२३ मध्ये संसदेने दूरसंचाराचा नवा अधिनियम संमत केला. परवान्यात केंद्राचे स्थान नोंदलेले असते व प्रेषणाची जबाबदारी परवानाधारकाचीच राहते. म्हणून दूरनियंत्रित केंद्राचे नोंदलेले स्थान प्रत्यक्ष प्रेषकाचेच असावे आणि अशा वापरास अधिकाऱ्यांची लेखी मान्यता आधी घ्यावी.

आपत्तीतील स्थान : ३० सप्टेंबर १९९३ चा लातूरचा भूकंप, २६ जानेवारी २००१ चा गुजरातमधील भूकंप आणि डिसेंबर २००४ मधील त्सुनामी या वेळी हौशी चालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. नेहमीचे जाळे कोलमडल्यावरही चालणे हे हौशी रेडिओचे सामाजिक मूल्य आहे. दूरनियंत्रित केंद्र मात्र ज्या आंतरजालावर अवलंबून असते, तेच अशा प्रसंगी प्रथम बंद पडते. यावर उपाय दोन आहेत : केंद्र स्थानिक पातळीवर हाताने चालविता येईल अशी रचना ठेवणे आणि त्या गावात निदान एक परवानाधारक चालक तयार करणे. एरवी पुण्याहून उत्तम चालणारे पहूरचे केंद्र नेमके गरजेच्या वेळी मुके राहील. दूरनियंत्रणाची गुणवत्ता ते किती दुरून चालते यापेक्षा, दुवा तुटल्यावर ते कोणाच्या हाती येते, यावरून ठरवावी लागते.