काकांनी परत दिलेली गोणी

दिवाळीच्या साफसफाईत यंदा आईनं रद्दीचं खातं माझ्याकडं दिलं. घरात सगळ्यात जास्त कागद मास कॉमवालीचा, त्यामुळं निस्तरायचंही तिनंच, असा सरळ हिशोब. माळा, कपाट, पलंगाखालचं खोकं असं सगळं उपसून मी एक मोठी गोणी भरली आणि इंदापुरात आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या भंगारवाल्या काकांची वाट बघत बसले. काका आले. गोणी ओट्यावर उपडी केली. पाच-सात मिनिटांत दोन्ही हातांनी ढीग पाडले, काटा लावला, माझ्या हातावर एकशे दहा रुपये ठेवले आणि निम्मी गोणी परत माझ्याकडं सरकवली.

"हे न्हाय चालत ताई. घंटागाडीत टाका."

खरं सांगते, राग आला. सेकंड इयरला 'रिसायकलिंग' या विषयावर मी प्रेझेंटेशन दिलंय. हिरव्या बाणांचं चिन्ह, पृथ्वी हातात धरलेली मुलगी, शेवटी टाळ्या, सगळं झालं होतं. त्या तेवीस स्लाइड्समध्ये कुठंच असं नव्हतं की समोरचा माणूस 'नको' म्हणू शकतो.

मग ती उरलेली गोणी मी पुन्हा उपडी केली. वेफर्स आणि कुरकुऱ्यांची पाकिटं. शाम्पूच्या पुड्या. वडापावच्या तेलानं माखलेले कागद. माळ्यावर पावसाचं पाणी गळून लगदा झालेल्या माझ्या अकरावीच्या वह्या. टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल. दोन मेलेले चार्जर आणि एक फुगलेली मोबाइलची बॅटरी. इंटर्नशिपमध्ये 'विषय शोधून आण' म्हणून चार दिवस मागं लागले होते. विषय ओट्यावर पडला होता.

पाकीट उलगडलं की संपलं

काका प्लास्टिक कसं ओळखतात हे बघण्यासारखं आहे. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात १, २, ५ असे आकडे असतात, ते आपण परीक्षेला पाठ करतो. १ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीचं. २ म्हणजे एचडीपीई, फिनेलच्या, तेलाच्या जाड डब्यांचं. ५ म्हणजे पीपी, हॉटेलातून पार्सल येतं त्या डब्याचं. हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगानं ठरवले आणि ते फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतात. त्रिकोण आहे म्हणजे वस्तू रिसायकल होणारच, असा त्याचा अर्थ नाही. मला हे बावीस वर्षं माहीत नव्हतं. काका आकडा बघतच नाहीत. दाबतात, वाकवतात, नखानं टकटक करतात. कडक एका बाजूला, मऊ दुसऱ्या बाजूला.

वेफर्सच्या पाकिटाची परीक्षा तर तुम्हीही करू शकता. मुठीत चुरगळा आणि मूठ उघडा. पाकीट आपोआप परत उलगडलं, तर ते बहुतेक एका जातीचं नाही. प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा झिलईसारखा पातळ थर, असं ते चिकटवलेलं असतं. आतला माल महिनोन्महिने कुरकुरीत राहतो तो त्यामुळंच, आणि ते थर सहज सुटे करता येत नाहीत तेही त्यामुळंच. म्हणून भंगारात त्याला भाव नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतं.

यातली गंमत (गंमत कसली!) पुढं आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत म्हटलं होतं की रिसायकल न होणारं असं अनेक थरांचं प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. दोन वर्षं झाली आणि २०१८ मध्ये नियमाचे शब्द बदलले. रिसायकल होत नाही, त्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि दुसरा काही उपयोगही नाही, असंच प्लास्टिक आता बंद करायचं होतं. 'जाळून उष्णता मिळते ना?' 'मिळते.' पाकीट सुटलं. कँटीनच्या काउंटरवर लटकणाऱ्या माळा तशाच राहिल्या.

कागदाचं दुखणं वेगळं. रद्दीचा लगदा करून पुन्हा कागद बनवतात, तेव्हा त्यातले तंतू दर वेळी आखूड होतात. पाच ते सात वेळा हे चालतं, मग संपतं. पण तेल लागलेला कागद पहिल्याच फेरीत बाद, कारण तेल पाण्यात मिसळत नाही आणि लगदा नासतो. भिजलेली वही वजनाला भारी म्हणून विकणारे कमी नसतील. काकांनी माझी वही दोन बोटांनी उचलून बाजूला टाकली त्यावरून तरी तसंच वाटलं.

दुधाच्या पिशवीवर मात्र काका खूश असतात, धुऊन वाळवलेली असेल तर. आमच्या दोन्ही तालुक्यांत दूध हा मोठा धंदा, त्यामुळं पिशव्यांना तोटा नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनं रिकामी पिशवी परत दिली की पन्नास पैसे परत, अशी योजना जाहीर केली होती. माझ्या हातावर मात्र दुकानदारानं ते पन्नास पैसे कधी ठेवले नाहीत. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, चीर द्या आणि तो तुकडा पिशवीला लटकत राहू द्या. तोडलेला तो नखाएवढा त्रिकोण कोणी वेचत नाही. सिंकमधून गटारात, गटारातून ओढ्यात, आणि आमच्याकडं ओढ्याचं पाणी शेवटी कऱ्हेत, नीरेत नाहीतर उजनीत जातं.

आमच्या फेस्टचा कचरा

आता एक कबुली. तिसऱ्या वर्षी आमच्या फेस्टच्या कमिटीत मी होते. कॉलेजचं नाव सांगत नाही, आम्ही वागलोच तसे. थीम होती पर्यावरण. फ्लेक्सवर झाड, फ्लेक्स प्लास्टिकचा. जेवणाच्या वेळी ड्रम ठेवले तीन, पण तिन्हींवर 'कचरा' एवढंच लिहिलं. पत्रावळ्या, उरलेली पुलावभात, अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, सगळं एकात. दुसऱ्या दिवशी आम्ही भंगारवाल्याला मोठ्या ऐटीत बोलावलं. त्यानं ड्रममध्ये डोकावून बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि गाडी वळवली. शेकडो बाटल्या होत्या त्यात. कोरड्या आणि वेगळ्या असत्या, तर त्यांचे तुकडे करून पॉलिस्टरचा धागा झाला असता, तुमच्या-माझ्या टी-शर्टमध्ये असतो तोच. पुलावभातानं त्यांचा कचरा केला.

हे मी या लेखासाठी वाचताना कळलं की, घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत यावर चक्क एक कलम आहे. परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त लोक जमवायचे असतील, तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा. लग्न, वाढदिवस, सत्कार... आपल्याकडं शंभरपेक्षा कमी माणसं जमतात कधी? त्याच नियमांत ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन भाग करणं प्रत्येकाला बंधनकारक केलं. माझी फुगलेली बॅटरी तिसऱ्या भागातली. ती सुक्या कचऱ्यात दाबली गेली, तर पेट घेऊ शकते, म्हणून काकांनी ती लांबूनच दाखवली. ती जुन्या मोबाइलच्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडं वेगळी द्यायची.

एसटीच्या खिडकीतून

पहिलं वर्ष मी इंदापूर-बारामती एसटीनं अप-डाऊन केलं. निमगाव केतकी, लासुर्णे, बेलवाडी, सणसर, भवानीनगर, काटेवाडी. पालखीचा रस्ता, फक्त उलट्या दिशेनं. खिडकीतून ऊस, मग डाळिंब, मग पुन्हा ऊस. ऊस या बाबतीत फार शहाणं पीक आहे. चोथा निघाला की बगॅस म्हणून बॉयलरमध्ये, त्यावर वाफ आणि वीज; उरलेल्या प्रेसमडचं खत होऊन परत शेतात. कारखान्यात टाकाऊ म्हणून फारसं काही राहत नाही.

पण बांधावर बघा. तिथं काळ्या नळ्यांची वेटोळी आणि फाटक्या मल्चिंग पेपरचे ढीग दिसतात. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाले आनंदानं नेतात, वितळवून पुन्हा पाइप होतात. मल्चिंग पेपरला मात्र कोणी हात लावत नाही. नावाला पेपर, आहे प्लास्टिक, साधारण २५ ते ३० मायक्रॉन जाडीचं. तुलनेसाठी सांगते, बाजारातल्या कॅरीबॅगला ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात किमान १२० मायक्रॉनची अट आहे. एवढा पातळ कागद उन्हानं कडकडीत होतो, उचलायला गेलं की तुकडे पडतात आणि निम्म्या वजनाची मातीच चिकटलेली असते. धुवायचा कोणी, कुठल्या पाण्यानं? मग संध्याकाळी काडी लागते. आमचे मामा टोमॅटो करतात. त्यांना मी 'जाळू नका' म्हटलं तर म्हणाले, "बरं. मग तू घेऊन जा." माझ्याकडं उत्तर नव्हतं. कचरा जाळू नये असं नियम सांगतो, पण त्या ढिगाचं पुढं काय करायचं, ते सांगायला बांधावर घंटागाडी येत नाही.

आणि उजनीला फक्त आम्हीच घाण करतो असंही नाही हं. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. भिगवणला फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांना काठावर आपल्याच शहरातली बाटली भेटली, तर नवल नाही. उलट शेजारच्या सासवडकडं बघा. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत सासवड देशात पहिलं आलं. तिथूनच वाहत येणारी कऱ्हा आपल्या बारामतीतून जाते. आपण नदीच्या खालच्या बाजूला आहोत, याचा एवढा फायदा पहिल्यांदाच ऐकला.

त्या पुडक्याबद्दल

हा भाग मुलींच्या पानावर टाकू या का, असं ऑफिसात एकानं विचारलं. नको म्हटलं.

घंटागाडीवरच्या मावशी आणि दादा ओल्या-सुक्याची सरमिसळ हातानं वेगळी करतात. त्या ढिगात आपलं वापरलेलं पॅड उघडं येतं. पुण्यात कचरावेचक बायकांची संघटना १९९३ पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातूनच पुढं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, जी पुण्यात घरोघरी कचरा गोळा करते. २०१३ मध्ये या बायकांनी वापरलेली पॅड्स गोळा केली आणि ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना थेट पाठवून दिली. तुमचा माल, तुम्ही सांभाळा. आंदोलन असं असतं! पॅडसोबत ते टाकायला वेगळी पुडी द्यायची, हे २०१६ च्या नियमांत कंपन्यांवर आलंच. पुढं 'स्वच्छ'नं लाल ठिपक्याची मोहीम काढली. पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि त्यावर लाल ठिपका काढायचा, बस. ठिपका दिसला की हात आत जात नाही.

बारामतीत रूम घेतल्यावर आम्ही चौघींनी हे सुरू केलं. पहिल्या आठवड्यात नेलपॉलिश वापरलं, मग ते महाग पडतंय म्हणून दहा रुपयांचा लाल मार्कर आणला. घंटागाडीवरच्या मावशींना सांगायचं कसं, यावर आमची दोन दिवस चर्चा. शेवटी एकीनं सरळ जाऊन सांगितलं. मावशींनी पुडकं हातात घेऊन बघितलं, मान हलवली आणि वेगळ्या पिशवीत ठेवलं. पुढच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरच्या पोरींनाबी सांगा की." वरच्या मजल्यावर सहा जणी राहतात. मार्कर आता जिन्यात दोरीनं बांधलेला आहे.

गोणीचं म्हणाल तर, गेल्या रविवारी काका पुन्हा आले. बाटल्या कोरड्या, दुधाच्या पिशव्या धुतलेल्या, वह्या भिजू नयेत म्हणून खोक्यात. सगळं घेतलं, पैसे मोजले आणि तळाशी राहिलेली वेफर्सची अकरा पाकिटं उचलून माझ्या हातात दिली.

"ताई, हे कवा बंद करणार?"

मी सांगितलं, कंपनीला विचारते. ते हसले आणि गाडी पुढं ढकलली.