काळ्या पाषाणातील काच : लोणारच्या विवराची ओळख कशी पटली

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्या विवरात साठले आहे, त्याचा व्यास सुमारे १,८३० मीटर, खोली जवळजवळ १५० मीटर आणि भोवतालच्या सपाटीपासून कडेची उंची साधारण २० मीटर आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ साली या स्थळाची नोंद केली आणि तेव्हापासून भूवैज्ञानिकांचे लक्ष त्याकडे वेधले गेले. तथापि एवढा वाटोळा खड्डा येथे पडला कसा, या प्रश्नाचा निकाल लागायला १९७३ साल उजाडावे लागले. हा निकाल ज्या पुराव्यावर लागला तो नुसत्या डोळ्यांना दिसणाराही नव्हता, आणि लोणारच्या संशोधनाचा इतिहास वाचताना हीच बाब सर्वांत लक्षणीय वाटते.

परंपरेकडे या प्रश्नाचे उत्तर फार आधीपासून होते. स्कंदपुराणात या तीर्थाचा उल्लेख असून, जमिनीखाली दडून राहणाऱ्या लवणासुराचा विष्णूने दैत्यसूदन रूपाने वध केल्याची कथा सांगितली जाते आणि गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेशी जोडलेले आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त मात्र व्यवहाराची दृष्टी दिसते, काच आणि साबण तयार करण्यास लागणारे सारे साहित्य येथे मिळते, अशी नोंद अबुल फजलने केली. त्याचा रोख अर्थातच सरोवरातील खारावर होता, कारण या पाण्यातील सोडियम कार्बोनेटाचे थर पुढे ब्रिटिश काळापर्यंत काढले आणि विकले जात. काचेसाठी लागणाऱ्या खाराची ही ख्याती असलेल्या ठिकाणी, काठाच्या आणि तळाच्या दगडांत मुळात तयार काचच दडलेली होती, हे कळण्याची सोय त्या काळी नव्हती.

एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांनी विवराचे मूळ ज्वालामुखीत शोधले, यात त्यांची चूक काढण्यासारखे फारसे नाही. लोणारचा सारा परिसर बेसॉल्टचा, म्हणजे भेगांतून वाहून आलेल्या लाव्हारसाच्या थिजण्याने बनलेल्या काळ्या खडकाचा आहे. दख्खनचे हे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास एकावर एक साचले. अशा भूमीत वाटोळा खोलगट खड्डा दिसला की तो ज्वालामुखीचे मुख असावा, किंवा भूगर्भात कोंडलेल्या वाफेच्या स्फोटाने पडला असावा, हा तर्क स्वाभाविकच होता. जी. के. गिल्बर्ट या नामवंत अमेरिकन भूवैज्ञानिकाने १८९६ साली ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारचा दाखला विचारात घेतला आणि वाफेच्या स्फोटाचीच बाजू घेतली. वास्तविक ॲरिझोनाचे विवर उल्कापाताचे आहे, म्हणजे दोन्ही विवरांचे साम्य त्याला बरोबर दिसले होते. चुकला तो केवळ त्या साम्यावरून काढलेला निष्कर्ष. ज्वालामुखीच्या बाजूने एक अडचण मात्र कायम राहिली: दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला असताना, झिजून सपाट न झालेले हे ताजे विवर त्याचे कसे मानावे?

आकारावरून निवाडा होत नाही, तेव्हा खडकाच्या अंतरंगात शिरावे लागते. १९६० साली ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट सापडले; गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, प्रचंड दाबाखाली होणारे हे घट्ट रूप असल्याने त्या विवराचा वाद मिटला. लोणारला हा मार्ग उपयोगी नव्हता, कारण ॲरिझोनाचा वालुकाश्म क्वार्ट्‌झच्या कणांनी भरलेला असला, तरी बेसॉल्टच्या घडणीत क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतोच (पोकळ्यांत नंतर भरलेल्या गारगोट्या वेगळ्या). बेसॉल्टमध्ये मुबलक असते ते प्लॅजिओक्लेज, म्हणजे सोडियम व कॅल्शियमयुक्त फेल्डस्पार. तेव्हा आघाताची खूण त्याच खनिजात शोधणे भाग होते.

या खुणेचा इतिहास योगायोगाने भारतातच सुरू होतो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे एक उल्का पडली. तिचे तुकडे युरोपात गेले आणि १८७२ साली व्हिएन्नाच्या गुस्ताव चेर्माक यांनी त्यात एक विलक्षण पदार्थ ओळखला: घटक फेल्डस्पारचे, बाह्य आकारही त्याच्या स्फटिकाचा, पण आतली रचना काचेसारखी विस्कळीत. ब्रिटिश म्युझियममधील खनिजसंग्रहाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मॅस्कलिन यांच्या नावावरून त्याला मॅस्कलिनाइट म्हणतात. ही काच वितळून बनते की दाबाने, हे पुष्कळ काळ स्पष्ट नव्हते. १९६३ साली डॅनिएल मिल्टन आणि पॉल डीकार्ली यांनी स्फोटकांच्या धक्क्याने खडकातील प्लॅजिओक्लेजचे मॅस्कलिनाइट करून दाखवले. त्यासाठी साधारण २० ते ४० गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोन ते चार लाख पट दाब क्षणभर तरी लागतो. भूपृष्ठावरील कोणताही ज्वालामुखी एवढा दाब निर्माण करू शकत नाही, आणि म्हणूनच मॅस्कलिनाइटचा एक कण ज्वालामुखीच्या साऱ्या युक्तिवादांना पुरून उरतो.

पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या सहभागाने विवराच्या तळात खोल छिद्रण करण्यात आले. कर्ट फ्रेड्रिक्सन, ए. दुबे, एम. एस. बालसुंदरम आणि तोच डॅनिएल मिल्टन यांचा लेख १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तळाखालच्या गाभ्यांमध्ये त्यांना ब्रेशिया, म्हणजे फुटलेल्या दगडांचे टोकदार तुकडे पुन्हा सांधून बनलेला खडक, मिळाला. काही तुकड्यांवर आघाताच्या लाटेने उमटणाऱ्या शंकूसारख्या रेषा होत्या आणि काहींत मॅस्कलिनाइट होते. त्याची परीक्षा तत्त्वतः सोपी आहे. दगडाची जेमतेम ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून ती एकमेकांस काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून पाहिली असता साधे प्लॅजिओक्लेज फिरवताना आळीपाळीने उजळते व मावळते, आणि त्यावर राखाडी-पांढरे पट्टे दिसतात. मॅस्कलिनाइट मात्र कसेही फिरवले तरी काळेच राहते, जरी त्याच्या कडा स्फटिकाच्याच असतात. लेखाचा काळही अनुकूल होता: अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या बेसॉल्टी दगडांशी आणि काचगोलकांशी लोणारच्या नमुन्यांचे निकटचे साम्य आढळले. त्या वेळी बेसॉल्टमधील ज्ञात आघातविवर पृथ्वीवर दुसरे नव्हते. नंतर दक्षिण ब्राझीलमधील व्हार्जाओ आणि व्हिस्ता अलेग्रे यांसारखी झिजलेली विवरे ओळखली गेली, तरी पर्यटनपत्रकांतून ‘जगातील एकमेव’ हे बिरुद अजून हटलेले नाही.

लोणारला जाणारा हौशी माणूस मात्र उल्केचाच तुकडा शोधत असतो. मोठ्या मारुतीची मूर्ती उल्केच्या दगडाची असल्याची समजूत गावात प्रचलित आहे आणि तिच्याजवळ होकायंत्राची सुई वळते, हा पुरावा म्हणून सांगितला जातो; परंतु मॅग्नेटाइट असलेला बेसॉल्टही सुईला वळवतो, तेव्हा चुंबकत्वावरून अवकाशाशी नाते जोडता येत नाही. खुद्द उल्केचा तुकडा आजवर हाती लागलेला नाही, आणि अशा वेगाच्या आघातात उल्केचा बहुतांश भाग वितळतो किंवा वाफ होऊन जातो, हे पाहता त्यात नवलही नाही. तिच्या रासायनिक खुणा विवराभोवतालच्या सूक्ष्म काचगोलकांत शोधल्या गेल्या असून, त्यांतील निकेल, क्रोमियम व कोबाल्ट यांच्या प्रमाणावरून ती कॉन्ड्राइट, म्हणजे दगडी उल्का, असावी असे २००९ मध्ये मांडले गेले.

विवराच्या वयाबाबत मात्र एकवाक्यता नाही, आणि हा वादही काचेवरच येऊन ठेपतो. आघातकाचेतील साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने मोजणाऱ्या तापदीप्ती पद्धतीने १९९७ मध्ये ५२,००० वर्षे असे वय मिळाले, मागेपुढे ६,००० धरून. तर वितळून थिजलेल्या खडकातील आर्गॉनच्या समस्थानिकांवरून २०११ मध्ये ५,७०,००० वर्षे, मागेपुढे ४७,०००, असा आकडा आला. दहापटींहून अधिक असा हा फरक आहे. आर्गॉनच्या पद्धतीत मूळच्या साडेसहा कोटी वर्षांच्या बेसॉल्टमधील जुना आर्गॉन काचेत शिल्लक राहिल्यास वय फुगण्याचा धोका असतो. २०११चे हे वय काढणाऱ्या जूर्दां या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी हा वारशाचा आर्गॉन वेगळा काढून हिशेब केल्याने त्यांचा आकडा अधिक भरवशाचा ठरतो. तरीही लोणारची माहिती देणाऱ्या बहुतेक लिखाणात पन्नास हजार वर्षांचा जुनाच आकडा छापला जातो.