विद्यापीठाच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांस



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत आम्हांला मराठी व्याकरण शिकविले. वर्गातून एक तरी शंका आल्याशिवाय ते पुढचा पाठ सुरू करीत नसत. त्या वयात आम्हांला तो छळ वाटे. पुढे आधी विद्यार्थी आणि मग अध्यापक म्हणून आयुष्याचा मोठा भाग विद्यापीठीय जगात गेला, तेव्हा त्या आग्रहाचे मोल ध्यानात आले. म्हणून आजचा विषय मी तोच निवडला आहे. मातृभाषेच्या शाळेतून विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी काय सांभाळावे, हे मी आपल्या बडोद्याच्याच उदाहरणाने सांगणार आहे.

येथे १८८१ मध्ये बडोदे कॉलेज सुरू झाले आणि १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली. श्रीमती हंसाबेन मेहता या त्याच्या पहिल्या कुलगुरू. या विद्यापीठात अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे, आवाराबाहेर व्यवहाराची भाषा गुजराती आहे आणि आपल्या घरी मराठी. या तीन भाषांच्या संगमावर आपला विद्यार्थी उभा असतो. संगमावर पाणी खोल असते, हेही खरे.

माझी स्वतःची फजिती प्रथम सांगतो. मी कॉलेजात गेलो त्या वर्षी सूचनाफलकावर ‘ट्युटोरियल’च्या तुकड्यांची यादी लागली. आमच्या घरी ‘ट्यूशन’ हा शब्द ठाऊक होता. त्यावरून ही पैसे देऊन लावावयाची शिकवणी असणार, असा मी ग्रह करून घेतला. वडील कारकून, पाठीवर तीन भावंडे. त्यांच्याजवळ फी मागण्यापेक्षा न गेलेले बरे, असे ठरवून मी त्या तासांना गेलोच नाही. दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर एका प्राध्यापकांनी मला बोलावून घेतले आणि विचारले, “तुमचा एकही निबंध माझ्याकडे कसा नाही?” तेव्हा उलगडा झाला की, आठ-दहा मुलांना जवळ बसवून, त्यांच्याकडून लिहून घेऊन ते तपासून देण्याचा तो तास होता, आणि त्याला एक पैसाही पडत नव्हता. एक शब्द कळला नाही, तो विचारण्याची लाज वाटली, एवढ्यावर माझे एक सत्र गेले.

शब्द आता बदलले आहेत. लाज तीच आहे. आजच्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात अडविणारा शब्द म्हणजे ‘क्रेडिट’. त्याला मराठीत आपण श्रेयांक म्हणतो. त्याचा अर्थ नीट समजून घ्या.

श्रेयांकांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक ठरविले आहेत. म्हणजे वर्षाला ४० आणि सत्राला २०. काही अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर थांबावे लागले, तर ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर ८० श्रेयांकांवर पदविका मिळण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी उन्हाळ्याच्या सुटीत ४ श्रेयांकांचा व्यवसायविषयक अभ्यास वा उमेदवारी पुरी करावी लागते. मिळविलेले श्रेयांक आपल्या नावाच्या श्रेयांक-पेढीच्या खात्यात जमा होतात. ते खाते उघडले आहे ना, त्यात नाव गुणपत्रिकेतल्याप्रमाणेच लिहिले आहे ना, हे पहिल्याच महिन्यात तपासावे. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम कागदागणिक बदलतो. पुढचे अर्धे हेलपाटे त्यातूनच उद्भवतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात वर्गातले १५ तास. पण २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे अध्ययनाचे एकूण ३० तास गृहीत धरलेले आहेत. आता हिशेब करा. २० श्रेयांकांच्या सत्राला ६०० तास. सर्व विषय व्याख्यानांचे धरले, तर वर्गात ३०० तास होतात. उरलेले ३०० तास वेळापत्रकात कोठेही छापलेले नसतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला २० तास येतात. शाळेत गृहपाठ शिक्षक देत. येथे हे २० तास तुम्हीच तुम्हांला द्यावयाचे आहेत. दुपारी दोनला तास संपले म्हणजे मोकळे झालो, असे ज्याला वाटले, त्याचे अर्धे विद्यापीठ तेथेच हातचे गेले.

यासाठी पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाची अभ्यासक्रमपत्रिका मिळवावी, वर्षभरातल्या अंतर्गत परीक्षांना किती गुण आणि सत्रान्त परीक्षेला किती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. हजेरीचा नियम आपल्या विभागात विचारून घ्यावा. बहुतेक ठिकाणी तो ७५ टक्क्यांच्या आसपास असतो. परीक्षेच्या तारखा व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांतल्या काही खऱ्याही असतात. पण विभागाच्या सूचनेशी ताडून पाहिल्याशिवाय एकीवरही विसंबू नये.

भाषेचे भय

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यात गप्प होतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. विषय त्याला कळत असतो. वाक्य जुळवेपर्यंत तास पुढे गेलेला असतो. त्याला माझे सांगणे असे : व्याख्यान चालू असता टिपणे इंग्रजी-मराठी जशी सुचतील तशी घ्या. त्याच संध्याकाळी ती पुन्हा लिहा आणि एका वेगळ्या वहीत त्या दिवशीचे नवे पारिभाषिक शब्द उतरवा. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस मराठी प्रतिशब्द, खाली एक उदाहरण. दिवसाला पाच शब्द झाले, तरी दिवाळीपर्यंत तीन-चारशेंची पुंजी होते.

या उद्योगाला या शहरात मोठी परंपरा आहे. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश निघाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत आदी भाषांतील पर्याय त्यात दिले आहेत. एका राज्याला आपला कारभार समजून घेण्यासाठी शब्दांची वही करावीशी वाटली, तर अठरा वर्षांच्या मुलाने ती करण्यात कमीपणा कसला?

ग्रंथालयाचेही तसेच. महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणून ग्रंथालयांचे जाळे उभारले. विद्यापीठाचे ग्रंथालय आज हंसाबेनांच्या नावाने ओळखले जाते. प्रवेश मिळताच वाचकपत्र करून घ्यावे आणि आपल्या विषयाची कपाटे कोठे आहेत, हे ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांना विचारावे. झेरॉक्सच्या दुकानातील आयत्या टिपणांवर परीक्षा निभते. विषय मात्र हाती लागत नाही.

विचारण्याचे तीन दरवाजे

पहिला दरवाजा प्राध्यापकांचा. त्यांच्या भेटीची वेळ पाहून जावे आणि जाताना ‘काही कळले नाही’ असे न म्हणता नेमका प्रश्न लिहून न्यावा. मोडक्या इंग्रजीत विचारलेला नेमका प्रश्न कोणताही खरा शिक्षक परतवीत नाही.

दुसरा दरवाजा कार्यालयाचा. शिष्यवृत्त्यांसाठी केंद्राचे राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळ आणि आपल्या राज्याचे ‘डिजिटल गुजरात’ ही दोन ठिकाणे पाहावीत. उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे खाते मुदतीपूर्वीच तयार ठेवावे. या दरवाजाविषयी मला एक कबुली द्यावयाची आहे. माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. दुसऱ्या सत्रात ती येईनाशी झाली. लग्न ठरले असेल, असे मी मानून चाललो. दोन वर्षांनी ती एका दुकानात हिशेब लिहिताना भेटली, तेव्हा कळले की, फीचा हप्ता भरता आला नव्हता. हप्ता पुढे ढकलून मिळत होता, तिच्यासारख्यांना सवलतही होती. तिने विचारले नाही, हे खरे. पण रिकाम्या बाकाविषयी मीही विचारले नाही. ती रुखरुख अजून जात नाही.

तिसरा दरवाजा मदतीचा. नवख्यांची छळवणूक हा खेळ नाही. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार तो शिक्षेस पात्र अपराध आहे. १८००-१८०-५५२२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. तो जवळ असावा. आणि मन खचले, झोप उडाली, घरी जावेसे वाटू लागले, तर त्याच दिवशी घरी सांगावे. निकालाची वाट पाहू नये.

शेवटी माजी विद्यार्थ्यांस एक विनंती. प्रवेशाच्या दिवसांत शाळेच्या एका खोलीत आपल्यापैकी दोघांनी रोज तासभर बसावे. ज्यांच्या घरातून प्रथमच कोणी विद्यापीठात जात आहे, त्या मुलांना अर्ज कसा भरावा, ‘ट्युटोरियल’ म्हणजे काय, हे तेथे निःसंकोच विचारता येईल. गुरुजी शंका आल्याशिवाय पुढे जात नसत. त्यांच्या नावे व्याख्याने पुष्कळ झाली. ती खोली उघडली, तर त्यांचा तास पुन्हा सुरू झाला असे मी समजेन.

आता शंका विचाराव्यात.