‘बाइंडिंग करून द्यावे’

शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर जितके उलटले जाते तितके काटोल तालुक्यात दुसरे कुठले पुस्तक उलटले जात असेल असे वाटत नाही. त्यात कुणाच्या तरी आजोबांचे नाव शोधायचे असते. जातपडताळणीचे मानीव दिनांक ठरलेले आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा त्याआधीचा हवा. म्हणजे जे कागद सर्वांत म्हातारे, त्यांनाच सर्वांत जास्त हात लागणार. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि राज्यभर अशा रजिस्टरांवरची धूळ पुन्हा एकदा उडाली. हाताळून हाताळून पाने सुटली की रजिस्टर बाइंडिंगला जाते. आठवड्याने नव्या रेक्झिनमध्ये ताठ होऊन परत येते, आणि उघडायला जावे तर दोन पानांच्या मधला रकाना शिवणीत गडप झालेला. कधी तो जन्मतारखेचा असतो, कधी जातीचा. दोष बांधणाऱ्याच्या माथी मारला जातो. पण त्याला मिळालेल्या चिठ्ठीवर तीनच शब्द असतात: ‘बाइंडिंग करून द्यावे’. माझ्या मते रजिस्टराचे अर्धे नुकसान त्या चिठ्ठीवरच झालेले असते.

‘बाइंडिंग’ या एका नावाखाली निदान पाच-सहा वेगळी कामे येतात आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तालुक्याच्या गावात हे काम आता बहुधा झेरॉक्सच्या दुकानाला जोडलेले असते. प्रोजेक्टला स्पायरल, पातळ वहीला मधोमध पिन, प्रबंधाला पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरे. रजिस्टर आले की सुटी पाने एकसारखी ठोकून घ्यायची, कडेला टोच्याने आरपार भोके पाडायची आणि दाभणाने दोरा ओवून आवळायचे. ही कडेची शिलाई. झटपट होते, मजबूत होते, आणि पाठीपासून अर्धा-पाऊण सेंटीमीटर कागद खाते. पाऊण सेंटीमीटर म्हणजे काहीच नव्हे, असे ऐकणाऱ्याला वाटते. पण पान उघडते ते पाठीतून नाही, शिवणीच्या रेषेतून. जाड रजिस्टरात तिथून पुढे पानाला बाक येतो आणि तेवढीच जागा आणखी जाते. समोरासमोरच्या दोन पानांचा हिशेब धरला तर अख्खा रकाना गेला. मग कडा सारख्या दिसाव्यात म्हणून कटिंग मशीनवर तीन बाजू छाटतात. तिथे उजवीकडचा ‘शेरा’ जातो, डावीकडचा अनुक्रमांक जातो. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा बाइंडिंग, पुन्हा तोच पाऊण सेंटीमीटर.

दुसरी रीत जुजबंदीची. जुज म्हणजे भाग. अरबी शब्द, फारसीवाटे आपल्याकडे रुळलेला. कुराणाचे तीस भाग तेही जुजच. छापखान्यातला फर्मा घडी घालून जो गठ्ठा होतो तो एक जुज. दोरा या घडीच्या पोटातून जातो, बाहेर येतो, आडव्या फितीला वळसा घालतो आणि पुढच्या जुजात शिरतो. कागदाच्या कडेतून एक मिलिमीटरही जात नाही, पुस्तक टेबलावर सपाट उघडते. मोडलेल्या रजिस्टरावर हे करायचे तर काम वाढते. जुना दोरा कापून जुज वेगळे करायचे. पाठीवरचा सुकलेला सरस ओल्या खळीचा लेप देऊन मऊ करायचा आणि बोथट पात्याने खरवडायचा. घाईत पाणी जास्त झाले तर निळी-काळी शाई फुटते. घडीवर फाटून दोन झालेली पाने पातळ कागदाच्या पट्टीने जोडायची. या पट्टीला कारागीर गार्ड म्हणतात, आणि सगळी दुरुस्ती तिच्यावर उभी असते, कारण तिने सुट्या पानांचा पुन्हा जुज होतो. मग शिलाई, पाठीला जाळीचे कापड, पुठ्ठा, आत अस्तर. अस्तर शोभेसाठी आहे असा समज आहे. खरे तर पुठ्ठ्याला बाहेरून कापड चिकटले की वाळताना ते त्याला बाहेर ओढते. आतून चिकटलेले अस्तर उलट ओढून तो सरळ ठेवते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या मुलखात अस्तर वाचवले की पुठ्ठ्याची होडी झालीच.

या कामाचा वास खळीचा. शिजवलेल्या मैद्याचा, दुसऱ्या दिवशी किंचित आंबूस होणारा. ही खळ मला या सगळ्या प्रकरणाचे मर्म वाटते. मैद्याच्या खळीने लावलेली पट्टी पन्नास वर्षांनीही ओलाव्याने सुटते, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला वाट राहते. फेविकॉल वाळला की पाण्याला दाद देत नाही. पुढच्या माणसाला तो काढताना कागदाचे पापुद्रे निघतात. सेलोटेपचा पिवळा डाग आणि प्लॅस्टिकचे गरम लॅमिनेशन ही त्याच्याही पुढची पायरी. खळीचे गुणगान मात्र डोळे मिटून करू नये. कसर आणि झुरळे मैद्यावर तुटून पडतात, म्हणून तीत मोरचूद घालायची जुनी चाल आहे, आणि मोरचुदातले तांबे कालांतराने कागदाचेच तंतू कमकुवत करते. रूढ म्हणून ते बिनचूक, असे या धंद्यात काही नाही. म्हणूनच ‘चिकटवून द्यावे’ एवढे लिहून भागत नाही. कशाने, ते लिहावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा, की शब्द पुरवायला भाषा संचालनालय आहे, परिभाषाकोश आहेत. कारागिराच्या तोंडचे अरबी-इंग्रजी कडबोळे कार्यालयीन कागदावर कशाला? शुद्धीची हौस आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. तरी पेशव्यांचे दफ्तर दफ्तरच राहिले आणि त्यातले कागद आजही रुमालांतच मोजले जातात. रोज हाताळायच्या वस्तूचे नाव हाताळणाराच ठेवतो. जुजबंदी, खळ, अस्तर, बक्रम (बांधणीचे ताठ कापड), गार्ड, पुठ्ठा ही भेसळ असेल, पण दुकानातल्या माणसाला कळणारी आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने नवा शब्द घडवण्यापेक्षा हेच शब्द शिकून घेतले तर त्याचे काम होते. कोशातला शब्द फायलीत शोभेल, शिलाई मात्र कडेचीच होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळे स्कॅन होते आहे, मग बांधणीची चिंता कशाला? पण स्कॅन करायला पान सपाट पडावे लागते. कडेने शिवलेल्या रजिस्टराच्या प्रतिमेत मधोमध काळी सावली येते आणि हवी ती नोंद नेमकी त्या सावलीत असते. बरे, ती सावली काढायची तर शिवण उसवावी लागते, म्हणजे बाइंडिंगचा प्रश्न पुन्हा दारात. शिवाय जातीच्या दाव्यावर शंका आली की पडताळणी समितीचे दक्षता पथक मूळ रजिस्टरच पाहायला येते. खाडाखोड आहे का, शाई वेगळी आहे का, पान मागाहून घातले आहे का, हे कागदावर दिसते. आणि इथे बांधणी स्वतःच साक्ष देते. जुजबंदीत एक पान उपटले तर त्याच घडीचे जोडीदार पान सैल होते. घुसडलेले पान घडीत बसत नाही, चिकटवावे लागते. पाने सुटी करून कडेने शिवली की ही साक्ष पुसली जाते. नीयत साफ असली तरी पुसली जाते.

तिसरा आक्षेप माझ्या मते आक्षेप नसून सोयीचा बहाणा आहे: कारागिराला त्याचे काम कळते, त्याला शिकवणारे आपण कोण? कळते ना. पण दर नगावर ठरतो. रजिस्टर एक, दर एक. जुजबंदीला आणि गार्डला लागणारा वेळ कडेच्या शिलाईच्या कितीतरी पट, आणि दरपत्रकात दोन्हींचे नाव ‘बाइंडिंग’. सर्वांत कमी दराला काम जाते, म्हणजे ज्याने सर्वांत कमी करायचे ठरवले त्याला जाते. जुजबंदीचा दर लावणारा दुसऱ्या वेळी दरपत्रकच देत नाही. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये याच चक्रात आहेत. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा (हे साल काही आपल्याला सोडत नाही). अ, ब, क, ड वर्गांनुसार मिळणाऱ्या अनुदानात पुस्तके, वेतन, वीज भागवताना दुरुस्तीला उरते ते थोडे, आणि ते थोडेही कादंबऱ्यांच्या पाठीत पाऊण सेंटीमीटर आत दोरा घालण्यात जाते. कादंबरीचे एक वेळ चालेल, दुसरी प्रत मिळेल. गावच्या दाखल-खारीजची, जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या कोतवाल पंजीची, गावकऱ्यांच्या सामायिक हक्कांच्या निस्तारपत्रकाची दुसरी प्रत कुठे मिळणार? ‘जुजबंदी शिलाई, फितीवर, फाटक्या घड्यांना गार्ड, मैद्याची खळ, कडा छाटू नयेत, बक्रमची पाठ’ असे लिहिले की दोन दरपत्रकांची तुलना होऊ शकते. काम झाल्यावर पान उघडून, घडीच्या पोटात दोरा दिसतो की नाही, हे कारकुनालाही तपासता येते.

अर्थात सगळेच शिवायला निघू नये. पानाचा कोपरा दोन-तीनदा दुमडून तुटत असेल, तर त्या कागदात शिवण पेलायचे बळ उरलेले नाही. दोरा त्याला करवतीसारखा कापेल. अशा रजिस्टराला बांधणीच नको. ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. पोथी कधी शिवलीच जात नसे. सुटी पाने, वरखाली फळ्या, भोवती बासन. एक पान कसरीने खाल्ले तर तेवढेच नवे लिहून घालावे. शिवलेल्या हस्तलिखिताला बाड म्हणत, आणि धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातली रामदासी हस्तलिखिते आजही बाडांक सांगून उद्धृत होतात. काटोलहून रिद्धपूर काही फार दूर नाही. महानुभावांनी तिथे शतकानुशतके पोथ्या सांभाळल्या त्या कटिंग मशीनशिवाय. ‘बासनात गुंडाळणे’ म्हणजे काम रखडवणे, असा अर्थ आपण पुढे कचेऱ्यांकडे पाहून चिकटवला. ठिसूळ रजिस्टराची पाने क्रमांक घालून, आम्लरहित कागदाच्या घडीत, सपाट पेटीत ठेवावीत, वर धुतलेल्या सुती कापडाचे बासन बांधावे, आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे: शिवू नये, छाटू नये, लॅमिनेशन करू नये. एवढ्या कामालाही दर असतो. तो दरपत्रकात ‘बाइंडिंग’च्या ओळीत बसत नाही म्हणून त्यासाठी वेगळी ओळ छापून घ्यावी लागेल.