कूपर ब्लॅक: जाडजूड तरी मवाळ

कूपर ब्लॅक या रोमन अक्षरवळणातला छोटा 'ओ' जरा निरखून पाहावा. बाहेरून गोल, काळाकुट्ट. पोटातली पांढरी फट मात्र मागे रेललेली. दांड्यांची टोकं फुगीर. पायाशीही अक्षर सपाट टेकत नाही, तिथेही बाक आहेच. एवढं वजन अंगावर असूनही ते दरडावत नाही, आणि शंभर वर्षं टिकलेल्या त्याच्या लोकप्रियतेचं मूळ या मवाळपणातच आहे.

हे वळण घडवलं शिकागोच्या ओस्वाल्ड कूपर यांनी. १८७९ साली जन्मलेले कूपर चित्रकला शिकायला शहरात आले आणि फ्रेडरिक गौडी यांच्या हाताखाली अक्षरलेखनात रमले. १९०४ मध्ये त्यांनी भागीदारीत जाहिरातींचं काम सुरू केलं. हातानं रेखलेली त्यांची अक्षरं बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याच्या नजरेत भरली. त्यातून आधी कूपर ओल्ड स्टाइल आलं आणि १९२२ मध्ये कूपर ब्लॅक. जाहिरातदारांनी ते उचलून धरलं.

त्याचं खरं रूप मात्र खिळ्यांचा जमाना सरल्यावर खुललं. शिशाच्या खिळ्यांत प्रत्येक अक्षर आपापल्या ठोकळ्यावर बसलेलं. जुळाऱ्यानं कितीही दाटून बसवलं तरी ठोकळा आड येणारच. फोटोटाइपसेटिंगमध्ये अक्षरं फिल्मवरून प्रकाशानं उमटू लागली आणि हे बंधन गेलं. 'बीच बॉइज' या अमेरिकी बँडच्या १९६६ मधल्या 'पेट साउंड्स' या अल्बमचं वेष्टन पाहावं: खाली सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात बोकडांना चारणारे गायक, वर हिरव्या पट्टीवर एकमेकांना बिलगलेली ही गुबगुबीत अक्षरं. टोकदार वळणाची अक्षरं इतकी जवळ आणली तर गर्दी वाटते. इथे ती घोळका करून मजेत उभी आहेत.

सत्तरच्या दशकात इस्त्रीनं टी-शर्टवर उतरवायच्या मजकुरात ती सर्रास दिसू लागली. कापडावर कड थोडी पसरली तरी बिघडत नाही, कारण ती मुळातच मऊ. १९९५ मध्ये सुरू झालेल्या इझीजेट या स्वस्त विमान कंपनीनंही नारिंगी रंगावर हेच वळण घेतलं. विमानप्रवासाचा बडेजाव उतरवायला याहून चांगलं अक्षर मिळालं नसतं.

हे अक्षर मोठ्या आकारातच शोभतं. बारीक छपाईत त्याच्या पोटातली फट बुजते, आणि सलग परिच्छेद तर वाचवत नाही.

देवनागरीत हीच अडचण कितीतरी वाढते. शिरोरेषा, मात्रा, रफार, जोडाक्षरं. जाडी वाढवायची तर जागा काढायची कुठून? फाँट घडवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं 'मोदक' या फाँटमध्ये याचं धीट उत्तर दिलं आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी अक्षरं एवढी फुगवली आहेत की आतल्या मोकळ्या जागांच्या जेमतेम रेघा उरतात, तरी 'क' हा 'क'च वाचला जातो.