जुनं इंजिन, थोडे पैसे: बंदीच्या दोन महिन्यांत काय करून घ्यावं

१ जूनला मासेमारी बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस. मालीम असो, कुटबण, वास्को किंवा शापोरा, सगळीकडे बोटी नांगरून पडतील, जाळी दुरुस्तीला निघतील आणि फिटरच्या मागे धावपळ सुरू होईल. दरवर्षी याच दिवसांत आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "इंजिन जुनं झालंय, नवीन घ्यायची ऐपत नाही, हातात थोडेच पैसे आहेत. काय बदलू?" यंदा त्याचं उत्तर नीट लिहून ठेवतोय, म्हणजे बंदी लागायच्या आधीच ठरवता येईल.

आधी जुनं म्हणजे किती, ते बघू. गाडीचं वय किलोमीटरवर मोजतात, बोटीच्या इंजिनाचं तासांवर. आपल्या ट्रॉलरवरची बरीचशी सहा सिलिंडरची इंजिनं ट्रकच्याच घराण्यातली आहेत, समुद्रासाठी वेगळा कूलर आणि गिअर लावलेली. दिवसाला १० तास आणि वर्षाला २०० दिवस धरले तर झाले २,००० तास. तेच इंजिन ट्रकमध्ये सरासरी ताशी ४० किलोमीटरने धावलं असतं तर वर्षाला ८०,००० किलोमीटर झाले असते. आठ वर्षांत सहा लाखांच्या वर. शिवाय ट्रकला कधी उतार मिळतो, कधी तो सिग्नलला थांबतो. बोटीला उतार नसतो. पंखा सारखा पाणी ढकलत राहतो आणि जाळं ओढताना तर इंजिनाला श्वास घ्यायलाही फुरसत नाही.

तरीपण नुसत्या वयामुळे इंजिन बसलंय असं क्वचित होतं. त्याला मारतात तीन गोष्टी: डिझेलमधलं पाणी, घाण आणि उष्णता. म्हणून आमचं म्हणणं असं की पैसे थोडे असतील तर ते ताकद वाढवण्यात घालू नका, या तिघांना इंजिनाबाहेर ठेवण्यात घाला. ऑगस्टच्या पहिल्या फेरीला समुद्र अजून शांत झालेला नसतो. साळ नदीच्या मुखाशी वाळूचा बांध, वर लाटा फुटतायत आणि नेमकं तिथेच इंजिन बंद पडलं, तर नुसता दुरुस्तीचा खर्च राहत नाही. बोट जाते आणि तिच्यावरची माणसंही धोक्यात येतात.

पैसे काढायच्या आधी इंजिनाची परीक्षा घ्या. यातलं बरंचसं फुकट होतं. धूर बघा. थंड इंजिन सकाळी थोडा पांढरा धूर देतं आणि गरम झालं की तो जातो, ते चालतं. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर एक तर नोझल खराब, नाहीतर कॉम्प्रेशन कमी, किंवा हेडमधून पाणी आत जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, किंवा इंजिनावर झेपेल त्यापेक्षा जास्त बोजा. ऑइलच्या पट्टीवर दुधी रंग दिसला तर पाणी मिसळलंय. आणि ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल तर खूश होऊ नका, त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय.

ऑइल बदलताना जुना फिल्टर फेकून देऊ नका. तो कापून आतला कागद पसरा आणि उजेडात बघा. चकचकीत कण दिसले तर चुंबक लावा. चुंबकाला चिकटले तर ते लोखंडाचे: रिंग, लायनर किंवा गिअर झिजतोय. चिकटले नाहीत आणि तांबूस दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय. अशा इंजिनाला फिल्टर आणि गेजवर खर्च करून उपयोग नाही, आधी खालचं काम करावं लागेल.

कॉम्प्रेशन मात्र मोजूनच घ्या. फिटरकडे गेज असतो. इंजिन गरम असताना प्रत्येक सिलिंडरचं माप घेऊन वहीत लिहा. नेमका आकडा किती हवा ते कंपनीच्या पुस्तकात असतं, पण आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक. सहाही सिलिंडर थोडे कमी पण सारखे असतील तर ते इंजिन अजून चालेल. पाच ठीक आणि एक १५ टक्क्यांच्या वर खाली असेल, तर त्या एकाचा व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट बघायला हवं. पुष्कळदा नुसतं टॅपेटचं अंतर बिघडलेलं असतं. फीलर गेज घेऊन फिटर अर्ध्या दिवसात ते लावून देतो, आणि एवढ्यावर धूर कमी झालेली इंजिनं आम्ही पाहिली आहेत.

आता खर्चाचं. पहिला मान डिझेलच्या फिल्टरला. फ्युएल पंप आणि नोझल यांना वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. पंपाच्या आतली अंतरं केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. तिथे खारं पाणी शिरलं की गंज धरतो आणि मग पंप-नोझलचं बिल येतं ते फिल्टरच्या कितीतरी पट. म्हणून टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये पाणी वेगळं करणारा, खाली पारदर्शक वाटी असलेला फिल्टर बसवा. रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी वाटीखालचा नळ सोडून पाणी काढा. ती वाटी इंजिन रूममध्ये गरम पाइपाच्या वर किंवा अगदी जवळ नको, आगीचा धोका असतो. दोन फिल्टर शेजारी-शेजारी आणि मध्ये कॉक असा जोड परवडला तर फारच उत्तम: एक चोंदला की भर समुद्रात कॉक फिरवून दुसऱ्यावर जाता येतं.

टाकी तळापर्यंत कधी धुतली होती ते आठवतंय का? बंदीत रिकामी करा, तळाचा काळा गाळ काढा. आत हात घालायच्या आधी झाकण उघडं ठेवून वाफ जाऊ द्या, आणि आसपास बिडी-काडी नको. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते, ते पाणी डिझेलखाली बसतं. म्हणून बंदी संपताना टाकी भरायच्या आधी तळ एकदा परत काढा.

नोझल काढून टेस्टिंगला द्या. डिझेलचा फवारा पडण्याऐवजी नोझल थेंब-थेंब गळत असेल तर पिस्टनच्या डोक्यावर ज्योत एकाच जागी लागते आणि कधी कधी भोक पडतं. सहा नोझलची तपासणी एका पिस्टनपेक्षा स्वस्त.

दुसरं काम कूलिंगचं, आणि इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण जुन्या इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू इथेच बसलाय. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर दर बंदीला नवीन घाला, जुना बरा दिसला तरी. काढलेल्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा कुठेतरी आत अडकलाय, बहुतेक कूलरच्या तोंडाशी, आणि तो शोधून काढल्याशिवाय झाकण लावू नका. कूलरची दोन्ही टोकं उघडून नळ्यांतून योग्य मापाची सळी हळूच फिरवा. जोरदार ॲसिड ओतायची घाई नको, क्षारांसोबत नळ्याही खाल्ल्या जातात. झिंकचा तुकडा निम्मा झिजला असेल तर बदला. तो झिजतो म्हणजे त्याचं काम करतोय. वर्षभरात जराही झिजला नाही तर त्याचा धातूशी संपर्क नाही किंवा त्यावर कोणी रंग मारलाय.

एक सवय मात्र सोडायलाच हवी. इंजिन गरम होतंय म्हटलं की थर्मोस्टॅट काढून टाकायचा. फिटरही सांगतात, "काढून टाका, गार राहील." गार राहतं खरं, पण जास्तच गार राहतं. गार इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंग-लायनरची झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाण्याचा एक भाग कूलरला वळसा घालून तसाच परत फिरतो, म्हणजे जोर लावल्यावर इंजिन उलट जास्त तापतं. जे इंजिन थेट खाऱ्या पाण्यावर थंड होतं त्याचा थर्मोस्टॅट मुद्दाम कमी अंशांचा असतो, कारण साधारण ६० अंशांच्या पुढे पाण्यातले क्षार आत बसायला लागतात. कूलरचं इंजिन आणि थेट पाण्याचं इंजिन, दोघांचे थर्मोस्टॅट अदलाबदल करू नका.

तिसरं, घंटा. ऑइल प्रेशरचा स्विच, पाण्याच्या तापमानाचा स्विच आणि एक मोठ्याने ओरडणारा बझर. हे सगळं मिळून एका फेरीच्या बर्फापेक्षा फार महाग नसतं. ऑइलचं प्रेशर गेलं की बेअरिंग धरायला काही क्षण पुरे होतात. तांडेल तेव्हा जाळ्याकडे बघत असतो, काट्याकडे नाही. सोबत एक साधा, नळीवर चालणारा प्रेशर गेज ठेवा, खारट हवेत वायरीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

प्रेशर कमी दिसतंय म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर घालणारे महाभाग आहेत. आयडलला तो व्हॉल्व्ह बंदच असतो, त्यामुळे झिजलेल्या बेअरिंगमधून जे ऑइल सुटतंय ते सुटतंच. काटा फसवला जातो, बेअरिंग नाही.

हवेचा विचार कोणी करत नाही. इंजिन रूमची झाकणं बंद, शेजारी उघडा तापलेला सायलेन्सर पाइप, आणि इंजिन तीच हवा ओढतंय. ३० अंशांची हवा ६० अंश झाली की तेवढ्याच जागेत ऑक्सिजन सुमारे ९ टक्के कमी मावतो. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून धूर काळा. सायलेन्सर पाइपाला काचतंतूची उष्णतारोधक पट्टी गुंडाळा आणि बाहेरची हवा थेट फिल्टरजवळ येईल असा एक डक्ट करा. यात ताकद परत मिळते, आगीचा धोका कमी होतो आणि इंजिनावर बसणाऱ्या माणसालाही जरा सुसह्य होतं. ब्रीदरची नळीही साफ करा. ती तुंबली की आतला दाब ऑइल सील फोडून बाहेर येतो आणि आपण सील बदलत बसतो.

काळा धूर मारणाऱ्या इंजिनाचा दोष कधी कधी इंजिनात नसतोच. पंख्याला आणि तळाला शिंपल्या चिकटल्या असतील, किंवा पंखा बदलताना "जास्त ओढेल" म्हणून मोठा लावला असेल, तर इंजिन कायम बोज्याखाली राहतं. कंपनीने दिलेल्या पूर्ण आरपीएमपर्यंत मोकळ्या समुद्रात ते पोचतंय का ते बघा. पोचत नसेल तर आधी तळ खरवडा, पंख्याची वाकलेली पाती सरळ करून घ्या. शाफ्ट आणि इंजिनाची सरळ रेष मात्र बोट ओढलेली असताना लावून भागत नाही. जमिनीवर बोटीचा आकार थोडा बदलतो. पाण्यात उतरवून एक-दोन दिवस झाले की कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये फीलर गेज फिरवून परत तपासा.

आणि एक सुधारणा बिनपैशाची. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाने वाढते. १,८०० वर जाणारी बोट १,६२० वर चालवली, म्हणजे १० टक्के कमी, तर लागणारी ताकद जवळपास २७ टक्क्यांनी उतरते. वेगही साधारण १० टक्के कमी होतो असं धरलं तरी तेवढ्याच अंतराला डिझेल हिशेबाने १९ टक्क्यांच्या आसपास वाचतं. हे जाताना-येताना लागू, जाळं ओढताना नाही. मार्केटची वेळ गाठायची घाई आम्हाला माहीत आहे, पण जाताना तरी कसली घाई?

कशावर खर्च करू नये? डिझेलमध्ये टाकायच्या "जादूच्या" बाटल्या, पाइपाला बांधायचे चुंबक, आणि पंपाचा स्क्रू फिरवून वाढवलेलं डिझेल. साध्या इंजिनाला ट्रकचा जुना टर्बो लावणं तर नकोच. तुमचा पिस्टन आणि हेड गॅस्केट त्या दाबासाठी बनवलेले नाहीत. झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या नवीन रिंगा घालणंही तसंच: बोअर अंडाकृती झालाय, त्यात गोल रिंग बसत नाही, आणि सहा महिन्यांत ऑइल परत जळायला लागतं. बोअर मोजून घ्या, मगच ठरवा. दोन-तीन सिलिंडर बसलेले, ब्रीदरमधून जोरात धूर आणि गरम झाल्यावर प्रेशर पडतंय, असं सगळं एकत्र असेल तर वर लिहिलेल्यावर पैसे घालू नका. ते पूर्ण कामासाठी बाजूला ठेवा.

होडीवर आउटबोर्ड लावणाऱ्यांसाठी थोडक्यात: रोज परत आल्यावर गोड्या पाण्याने पाच-दहा मिनिटं धुणं, वर्षाला इम्पेलर, खालचं गिअर ऑइल आणि झिंक. गिअर ऑइल दुधी निघालं तर सील गेलाय.

घरच्या मंडळींना एक काम सांगतो. डिझेलची बिलं बहुतेक घरांत बायकाच सांभाळतात. त्याच वहीत प्रत्येक फेरीचे इंजिनाचे तास आणि वरून किती लिटर ऑइल घातलं, एवढे दोन रकाने वाढवा. तासाला लागणारं डिझेल किंवा ऑइल चढायला लागलं की ते वहीत दिसतं, इंजिनाचा आवाज बदलायच्या कितीतरी आधी.

सोसायटीने सभासदांसाठी एक कॉम्प्रेशन गेज घेऊन ठेवावा असा विचार आहे. इंजिनागणिक त्याचा जोडणीचा तुकडा वेगळा लागतो, म्हणून तुमच्या इंजिनाची कंपनी आणि मॉडेल कमेंटमध्ये टाका किंवा ऑफिसात लिहून द्या. मॉडेलचा नंबर इंजिनावरच्या पत्र्याच्या पट्टीवर असतो. रंगाखाली गेला असेल तर आधी तो खरवडा.