विश्लेषण : महापालिकांचा ताफा विजेवर, पण प्रत्येक किलोमीटरचे पैसे कोण देणार?

पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण होत नाही. हा नियम मंत्रालयातील मोटारींपुरता नाही; महापालिका, पंचायती आणि परिवहन उपक्रमांनाही तो लागू आहे. त्याआधीच, १ जानेवारी २०२२ पासून सरकार व नागरी स्थानिक संस्थांसाठी नवी वाहने विजेवरचीच घ्यायची, असे महाराष्ट्राने ठरवले होते. जुने मोडीत काढायचे आणि नवे विजेवरचे घ्यायचे, हे कागदावर सरळ दिसते. ताफा सांभाळणाऱ्या विभागाची अडचण मात्र त्यानंतर सुरू होते.

सुरुवात कुठून व्हावी?

बहुतेक ठिकाणी ती अधिकाऱ्यांच्या मोटारींपासून होते. छायाचित्र चांगले येते, बचत मात्र जेमतेम. ई-वाहन घेताना महाग आणि चालवताना स्वस्त पडते. त्यामुळे ते जितके जास्त धावेल तितका जादा खर्च लवकर वसूल होतो. दिवसभर कार्यालयाबाहेर उभ्या राहणाऱ्या मोटारीतून काय वसूल होणार? याउलट शहर बस रोज दोनशे किलोमीटर धावते. घंटागाडी कमी धावते, पण तिचा मार्ग ठरलेला, वेग कमी आणि दर पन्नास पावलांवर थांबा. अशा चालीत डिझेल इंजिन उभ्या उभ्या इंधन जाळते, तर विजेची गाडी ब्रेक दाबताना थोडी वीज परत बॅटरीत भरते. शिवाय ती रात्री ठरल्या जागी परतते.

बस विकत की भाड्याने?

पुण्यात पीएमपीने फेब्रुवारी २०१९ मध्ये ई-बस रस्त्यावर आणल्या, त्या भाडेतत्त्वावर. या पद्धतीत बस आणि तिची देखभाल ठेकेदाराची. तिकिटाचे उत्पन्न परिवहन उपक्रमाचे. ठेकेदाराला प्रति किलोमीटर ठरलेला दर मिळतो. बस भरून गेली की रिकामी, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. करारातील किमान किलोमीटर भरले नाहीत, तरी त्यांचे पैसे सहसा द्यावेच लागतात. म्हणजे वाहतूक कोंडीचा भुर्दंडही उपक्रमावरच.

दर मात्र उतरले आहेत. २०२२ मध्ये दिल्ली, बेंगळूरु, हैदराबाद, कोलकाता आणि सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० ई-बसची एकत्रित निविदा निघाली, तेव्हा १२ मीटर बससाठी किमान दर प्रति किलोमीटर ४३ रुपये ४९ पैसे आला. एकेकट्या शहरापेक्षा एकत्र मागणीला भाव मिळतो, हे त्यातून दिसले.

आगारात वीज किती लागते?

हा भाग निविदेत चार ओळींत संपतो आणि काम मात्र तिथेच अडते. मोठी बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज खाते असे धरले, तर दोनशे किलोमीटरला २५० युनिट. पन्नास बसचे झाले १२,५०० युनिट. त्या रात्री सहा तासांत चार्ज करायच्या तर सुमारे दोन मेगावॉटचा भार लागतो. त्यासाठी उच्चदाब जोडणी, रोहित्रे आणि आगारात मोकळी जागा हवी. जोडणी वेळेत मिळाली नाही, तर नव्या कोऱ्या बस आगारात उभ्या आणि प्रवासी थांब्यावर, असे होऊ शकते.

सीएनजीचा पर्याय अजून टिकून आहे तो यामुळेच. इंदूरने त्याला वेगळे वळण दिले. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा प्रकल्प सुरू झाला आणि शहर बसला हे घरचे इंधन मिळाले. अर्थात त्यासाठी आधी ओला-सुका कचरा घरातच वेगळा व्हावा लागतो.

पैसे थकले तर?

पीएमपीची संचलन तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. असा निधी यायला उशीर झाला, की ठेकेदाराचे बिल अडते. बिल अडले, की चालकांचे पगार आणि मग बस. बँकाही या धास्तीने कर्ज देताना हात आखडता घेतात. म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटींची देयक सुरक्षा योजना मंजूर केली. परिवहन उपक्रमाने पैसे थकवले, तर ठेकेदाराला या निधीतून ते मिळतात; नंतर ही रक्कम उपक्रमाने किंवा राज्याने परत करायची असते.